क्रूझची केबिन: पैसे भरण्याआधी काय बघायचं आणि चढल्यावर ती कशी वापरायची

कोल्हापुरातून क्रूझचं बुकिंग साधारण असं होतं: भिशीचा ग्रुप किंवा आजी-आजोबांसकट अख्खं घर ठरवतं, एजंट "इंटिरियर इतके, बाल्कनी इतके" असे दोन आकडे सांगतो आणि अर्ध्या तासात ॲडव्हान्स भरून होतो. खोलीचा प्रकार ठरतो, पण ती बोटीवर नेमकी कुठे आहे हे कुणी विचारत नाही. परत आल्यावरच्या तक्रारी मात्र बहुतेक त्या 'कुठे'मधूनच निघतात. रात्रभर डोक्यावर काहीतरी सरकत होतं, पोट ढवळत होतं, इंजिनाच्या कंपनाने पलंग थरथरत होता. म्हणून आधी जागा बघा, मग प्रकार, आणि भाव सगळ्यात शेवटी.

खोली केवढी असते

इंटिरियर, म्हणजे खिडकी नसलेली केबिन, बाथरूमसकट साधारण १२० ते १८० चौरस फूट असते. आकड्यावरून अंदाज येत नसेल तर घरातल्या हॉलमध्ये खडूने १० बाय १२ फुटांचा चौकोन आखा. एका कोपऱ्यात ४ बाय ६ चं बाथरूम काढा, साडेसहा बाय सहाचा पलंग मांडा, एक अरुंद टेबल आणि दीड फूट खोलीचं कपाट ठेवा. उरली ती पट्टी चालायला. त्यात दोन माणसं एकाच वेळी कपडे बदलू शकत नाहीत, एकाला पलंगावर बसावं लागतं. तरी ही खोली झोपायला अगदी उत्तम असते, कारण काळोख पूर्ण असतो. दिवसभर डेकवर फिरणाऱ्या जोडप्याने इंटिरियर घ्यावी आणि वाचलेले पैसे बंदरावर उतरून फिरण्यात घालावेत.

ओशन व्ह्यूमध्ये खिडकी असते, पण ती उघडत नाही. त्यातही 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असणार. उजेड मिळतो, समुद्र दिसत नाही. नुसता उजेड हवा असेल तर हा स्वस्तातला चांगला सौदा आहे. बाल्कनी खरी उपयोगी पडते ती ज्यांना फार चालवत नाही किंवा गर्दी सोसत नाही अशा वडीलधाऱ्यांना. ते दोन तास तिथे चहा घेत बसतील. तरण्या मंडळींची बाल्कनी बहुतेक वेळ रिकामी राहते.

बोटीचं वयही विचारा. २०२१ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू केलेली कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' ही १९९० साली बांधलेली, ११ डेकची म्हणजे मजल्यांची बोट आहे. त्या काळातल्या बोटींवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असत आणि साध्या केबिन आजच्या नव्या बोटींपेक्षा लहान. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर हेच गणित उलटं, तिथे निम्म्याहून जास्त खोल्यांना बाल्कनी असू शकते. तेव्हा एका बोटीचा फोटो बघून दुसरीचं बुकिंग करू नका.

डेक प्लॅन वाचायला शिका

कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. एजंटकडून तो मागून घ्या आणि तुमचा केबिन क्रमांक शोधा. क्रमांकाचा पहिला आकडा (मोठ्या बोटींवर पहिले दोन) म्हणजे डेक. बहुतेक बोटींवर सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात.

आता तीन गोष्टी तपासा.

पहिली, लांबीच्या हिशेबात केबिन कुठे आहे. लाटेवर बोट सी-सॉसारखी पुढे-मागे डोलते तेव्हा दोन्ही टोकं जास्त वरखाली जातात आणि मध्यभाग कमी. तशीच ती डावी-उजवीकडे कलते तेव्हा वरच्या मजल्यांना झोका जास्त बसतो. म्हणून गगनबावड्याच्या करूळ घाटात ज्यांच्या पोटात कालवतं, त्यांनी मधल्या भागातली, खालच्या डेकची केबिनच मागावी. गंमत अशी की हीच खोली अनेकदा वरच्यापेक्षा स्वस्त असते, कारण उंचावरची खोली म्हणजे भारी असा सगळ्यांचा समज.

दुसरी, वर आणि खाली काय आहे. प्लॅनवर तुमच्या केबिनच्या बरोबर वरचा आणि खालचा मजला उघडा. दोन्हीकडे केबिनच असतील तर निर्धास्त राहा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे कर्मचारी आरामखुर्च्या सरकवून डेक धुतात, तो आवाज थेट छतातून येतो. वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या रात्रीही फिरतात. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठोका पलंगात जाणवतो. प्लॅनवर जिथे काहीच न लिहिलेला पांढरा चौकोन दिसतो, ती बऱ्याचदा कर्मचाऱ्यांची कामाची जागा असते. तिच्या शेजारची खोलीही टाळलेली बरी.

तिसरी, टोकांचे आवाज. अगदी पुढच्या केबिनमध्ये नांगर टाकताना साखळीचा खडखडाट ऐकू येतो, आणि नांगर बहुतेक सकाळी लवकर टाकतात. बंदराला लागताना बोट आडवी सरकवणारे थ्रस्टर सुरू होतात, त्यांची घरघर पुढच्या खालच्या डेकवर जास्त. अगदी मागे इंजिन आणि बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांचं कंपन. लिफ्टच्या समोरच्या दारांनाही गप्पा आणि लहान मुलांचा दंगा चुकत नाही. लिफ्टपासून तीन-चार दारं सोडून घेतलेली खोली बरी, चालणंही कमी आणि आवाजही.

डावी बाजू घ्यावी की उजवी? मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि येताना उजव्या. शिवाय बोट किनाऱ्यापासून बरीच आत चालते. जाऊन-येऊन फेरी असेल तर बाजूसाठी भांडू नका.

'गॅरंटी केबिन' हा स्वस्त दर म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नाही. क्रमांक कंपनी नंतर देते आणि तो बदलून मिळेलच असं नाही. वर सांगितलेली सगळी तपासणी या दरात हातातून जाते. घरात कुणाला उलटीचा त्रास असेल, गुडघे दुखत असतील किंवा झोप हलकी असेल तर हा दर घेऊ नका.

तिघं-चौघं एकाच खोलीत

दोन सिंगल पलंग जोडून डबल करता येतात, हे आधी सांगून ठेवा. तिसऱ्या-चौथ्यासाठी सोफा-बेड असतो किंवा भिंतीतून खाली उघडणारी वरची बर्थ. ही बर्थ रेल्वेच्या अपर बर्थची चुलत बहीण. शिडी उभी, कठडा बेताचा. साठीच्या पुढच्यांना आणि अगदी लहान मुलांना वर झोपवू नका. बर्थ उघडलेली असताना खालचा माणूस झटकन उठून बसला की डोकं आपटतं, पहिल्या रात्री एकदा तरी.

चौघांचा प्रश्न खरं तर पलंगाचा नसून बाथरूमचा असतो. सकाळी बंदरावर उतरायच्या वेळी एकाच बाथरूमसमोर चौघांची रांग लागते. म्हणून चार जणांच्या एका बाल्कनी केबिनचा भाव काढतानाच समोरासमोरच्या दोन इंटिरियरचाही काढायला सांगा. फरक अनेकदा थोडाच निघतो. आजी-आजोबा सोबत असतील तर मधल्या दाराने जोडलेल्या 'कनेक्टिंग' खोल्या सोयीच्या. पण पलीकडे अनोळखी कुटुंब येणार असेल तर तेच दार नको, त्यातून त्यांचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो.

दर नेहमी एका खोलीत दोन माणसं धरून प्रत्येकी सांगितला जातो. एकट्याने गेल्यास जवळजवळ दुसऱ्या माणसाचेही पैसे द्यावे लागू शकतात. पोर्ट चार्ज, कर आणि रोजचा सर्व्हिस चार्ज सांगितलेल्या भावात धरलेत का, हे लेखी घ्या. आणि घरात कुणी गरोदर असेल तर बुकिंगआधी सांगा. बहुतेक कंपन्या २४ आठवडे किंवा त्यापुढच्या गरोदर स्त्रियांना बोटीवर घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं बाळही चालत नाही.

बॅगेत काय जातं, काय काढून घेतात

सामान विमानतळासारखं स्कॅन होतं. इस्त्री, किटली, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती, चाकू, दारू हे सगळं बाजूला काढलं जातं. अंबाबाईचा फोटो खुशाल न्या, निरांजन मात्र बॅटरीवरचं. समुद्रावर आगीइतकी दुसरी कशाची भीती नसते, आणि खोलीतला धूर छतावरच्या यंत्राला लगेच कळतो.

घरचे लाडू-चकल्या अडवले जाण्याची शक्यता असते. कंपनीचं सील असलेलं भडंगाचं किंवा चटणीचं पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं. तरी आपल्या बोटीचा नियम वाचून घ्या. परदेशी बंदरावर उतरताना मात्र खायचं काहीही खिशात ठेवू नका, फळसुद्धा नाही.

न्यायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या खोलीचं रूप बदलतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, त्यावर चुंबक चिकटतं. मॅग्नेटचे सहा-आठ हुक न्या. टोप्या, पिशव्या, ओला टॉवेल, रोजचा कार्यक्रमाचा कागद असं सगळं भिंतीवर जातं आणि ती चालायची पट्टी मोकळी राहते. इंटिरियर केबिनसाठी बॅटरीचा छोटा दिवा हवा, कारण बत्ती बंद केल्यावर हातसुद्धा दिसत नाही. एक शाल, कारण एसी मध्यवर्ती असतो आणि कमी केला तरी गारठा राहतो. कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅगा बऱ्या, रिकाम्या झाल्या की पलंगाखाली सरकतात.

कोल्हापुरी चपला जेवणाच्या हॉलमध्ये शोभतात, ओल्या डेकवर नाही. चामड्याचा तळ पाण्यात घसरतो आणि भिजलं की चामडंही जातं. डेकसाठी रबरी तळाची पट्ट्याची सॅंडल घ्या. आणि करकरणारी जोडी रात्री कॉरिडॉरमध्ये हातात धरावी.

उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी घ्यायची असते. कोणती आणि किती हे घरच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यावर मद्य नको. सोबत आलेपाक आणि कोरडी बिस्किटं ठेवा. पोट ढवळायला लागलं की खोलीत पडून मोबाइल बघत राहू नका. बोटीच्या मधल्या भागात, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा.

चढायचा दिवस

मुंबईचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ. कोल्हापूरकरांसाठी आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्यात निर्धास्त, ती सकाळी सीएसएमटीला सोडते. त्याच दिवशी पहाटे गाडी काढून महामार्गाने जायचं म्हणाल तर रस्त्याची कामं आणि खंबाटकी घाट यांचा भरवसा नाही. चेक-इन बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि त्यानंतर बोट कुणासाठी थांबत नाही.

वेब चेक-इन घरूनच करा, बोर्डिंग पास छापून घ्या. देशांतर्गत फेरीला मूळ ओळखपत्र लागतं, लक्षद्वीपला प्रवेश परवाना, परदेशी फेरीला किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंडला लागून परत सिंगापूरला येणारी फेरी असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते बघा. परत येताना तो दुसरा प्रवेश धरला जातो.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर टॅग लावून द्यायच्या, त्या काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. कधी संध्याकाळही होते. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि लहान मुलांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन तर कधीच मोठ्या बॅगेत नाही.

आत गेल्यावर

दार उघडणारं कार्ड तेच तुमचं पाकीट आणि तेच ओळखपत्र. बोटीवर रोख चालत नाही, सगळा खर्च कार्डावर चढतो. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडलं तर कंपनी काही रक्कम रोखून धरते आणि ती सुटायला बरेच दिवस जाऊ शकतात. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय अनेक बोटींवर दिवे लागत नाहीत.

टेबलाजवळ एक-दोनच प्लग असतात, एक अमेरिकी चपट्या पिनेचा ११० व्होल्टचा आणि एक युरोपी गोल पिनेचा २२० चा. आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर युरोपी प्लगमध्ये बहुतेक बसतो, तीन जाड पिनांचा बसत नाही. एक ॲडॉप्टर आणि चार-पाच यूएसबी तोंडांचा एकच चार्जर आणा, सगळ्या घराचं भागतं. घरचा सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नको. घरी एक तार फेज आणि एक न्यूट्रल असते. अनेक बोटींवर दोन्ही तारांत वीज असते. आपला बोर्ड त्यातली एकच तोडतो आणि बिघाड झाला तर तापून पेटू शकतो. म्हणून तो स्कॅनिंगलाच जप्त होतो. झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल तर कंपनीला आधी कळवा, त्यासाठी वेगळी वायर देतात.

बाथरूमच्या दाराला चार-सहा इंचांचा उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो आहे. रात्री उठणाऱ्या माणसाला तो आठवत नाही, म्हणून तो बॅटरीचा दिवा इथेच लावा.

संडास व्हॅक्यूमचा असतो. बटण दाबलं की एखादा क्षण काहीच होत नाही, मग जोरात 'फस्स' असा आवाज होऊन सगळं ओढलं जातं. पाणी घरच्या टाकीच्या मानाने अगदी थोडं. बसलेले असताना बटण दाबू नका, आधी झाकण टाका. आत बोटीवरच्या कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, चहाचा चोथा, सुपारी, उरलेलं अन्न, काहीच नाही. पाइप बारीक असतात आणि एका ओळीतल्या अनेक केबिनना सामाईक. तुमच्याकडे अडकलं की शेजारच्यांचंही बंद पडतं. फ्लश होत नसेल तर बटण दाबत बसू नका. पाच मिनिटं थांबा, कधी दाब तात्पुरता कमी झालेला असतो. तरी नाही झालं तर फोन करा.

परदेशी बोटींवर जेट स्प्रे नसतोच असं समजून चाला. प्लास्टिकचा छोटा मग किंवा पिळायची बाटली न्या. मात्र सवयीने फरशीवर पाणी ओतू नका. निचरा बहुधा फक्त शॉवरच्या कोपऱ्यात असतो, बाकीचं पाणी उंबरा ओलांडून गालिच्यात जातं. अंघोळीला बादली नाही, शॉवरच. पडद्याचं खालचं टोक आतल्या बाजूला ठेवा. शॉवरच्या भिंतीवर एक छोटी गोल स्टीलची डबी दिसेल, तिच्या मधलं बटण ओढलं की दोरी बाहेर येते. समोरच्या खुंटीला अडकवा, पोहण्याचे कपडे रात्रीत वाळतात. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायला मनाई असते, ते उडतात.

बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर अनेक बोटींवर खोलीचा एसी आपोआप बंद पडतो. त्याच वेळी कुणी कॉरिडॉरचं दार उघडलं तर वाऱ्याने ते दाणकन आपटतं. लहान मुलांची बोटं चेमटतात ती इथेच. एका वेळी एकच दार उघडा. बाल्कनीतून सिगरेट फेकणं किंवा पिचकारी मारणं म्हणजे खालच्या बाल्कनीला आग किंवा अभिषेक. वारा सगळं परत आत ढकलतो.

छोटा फ्रिज नुसता थंडावा देणारा असतो, घरच्याइतका गार होत नाही. इन्सुलिनसाठी थर्मामीटर ठेवून बघा किंवा बोटीवरच्या दवाखान्यात सोय विचारा. फ्रिजमधल्या, म्हणजे मिनीबारच्या, बाटल्या फुकट नसतात. केबिन सांभाळणाऱ्या स्टुअर्डला पहिल्याच भेटीत हवं ते सांगून टाका: जास्तीचे हँगर, उशी, पांघरूण, मिनीबार रिकामा करणे. पहिल्या दिवशी मागितलं की मिळतं, तिसऱ्या दिवशी शिल्लक नसतं.

शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगमध्ये लिहून घ्या आणि पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वेटरला पुन्हा सांगा. बुफे आणि मुख्य हॉल तिकिटात येतो, खास रेस्टॉरंट आणि पेयं बहुधा वेगळी. हात साबणाने धुवा. बोटीवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही.

किनारा सुटला की फोन एरोप्लेन मोडवर टाका. बोटीचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचं रोमिंग बिल घरी आल्यावर कळतं.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत सक्तीची असते. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची खूण. तुमच्या मस्टर स्टेशनचं, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेचं, अक्षर कार्डावर आणि दारामागे लिहिलेलं असतं. केबिनपासून तिथवर एकदा जिन्याने चालून बघा, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते.

शेवटची रात्र

बॅगा मध्यरात्रीपूर्वी टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला त्यात गेल्या तर रात्रीच्या कपड्यातच उतरावं लागतं, आणि असे महाभाग प्रत्येक फेरीत निघतात. बिल रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपवर बघा. न घेतलेली बाटली चढली असेल तर रात्रीच काउंटरवर जा, सकाळी तिथे लांबच लांब रांग असते. लॉकर, बाथरूमची दोरी, पलंगाखालचा भाग आणि भिंतीवरचे हुक बघून मगच दार ओढा.

परतीचं तिकीट सकाळच्या कोयना एक्स्प्रेसचं काढू नका. बोट पहाटे लागली तरी सगळ्यांची सुटका व्हायला वेळ जातो आणि कोयना तोवर निघून जाते. रात्रीची महालक्ष्मी घ्या, सामान दिवसभर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा दोन छोटी कुलपं हातातल्या पिशवीतच असू द्या.